प्रोस्टेटची सूज आणि रक्ततपासणी: आधी काय करायचं, नंतर काय, आणि पीएसए कधी करू नये

लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, मध्येच थंडी वाजून ताप. माणूस लॅबच्या काउंटरवर येतो आणि सांगतो, “प्रोस्टेटची टेस्ट करायची आहे.” त्याच्या लेखी प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) टेस्ट म्हणजे पीएसए, या ग्रंथीतल्या एका प्रथिनाची रक्तातली मोजणी. रक्त घेतलं जातं, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, ४ च्या मर्यादेपुढे १२ चा ठळक आकडा दिसतो आणि घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. ज्या लघवीत जंतू सापडले असते ती मात्र कुणी तपासायला दिलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं आणि ती संधीही जाते.

घोळ चाचण्यांच्या क्रमात आहे. प्रोस्टेटला सूज आहे असं एकट्या रक्तावरून ठामपणे सांगणारी चाचणी नाही. रक्त काय सांगतं? संसर्ग किती जोरात आहे, तो शरीरभर पसरतोय का, किडनी आणि साखर कशी आहे. निदान होतं ते त्रासाचं वर्णन, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि लघवी यांवरून. पीएसएची पाळी सगळ्यात शेवटी, तीही बहुतेकदा काही आठवड्यांनी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

टप्पा १: आपला त्रास कुठल्या प्रकारात बसतो ते आधी पाहा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने केलेले चार प्रकार आजही जगभर वापरले जातात.

पहिला, जंतूंमुळे अचानक आलेली सूज. एक-दोन दिवसांत थंडी-ताप, लघवीला तीव्र जळजळ, धार बारीक होणं, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखणं. रक्ततपासणीचा खरा उपयोग होतो तो इथे.

दुसरा, जंतूंची जुनाट सूज. तोच संसर्ग पुन्हा पुन्हा उलटतो आणि दर वेळी लघवीत बहुधा तोच जंतू निघतो. मधल्या काळात रक्ताचे रिपोर्ट अगदी स्वच्छ असू शकतात.

तिसरा, जंतू न सापडणारं जुनं दुखणं. गेल्या सहा महिन्यांत किमान तीन महिने ओटीपोटात, जांघेत, शिश्नाच्या टोकाला किंवा वीर्यपतनाच्या वेळी दुखत असेल आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची चाचणी) कोरं येत असेल, तर हा. प्रोस्टेटची सूज म्हणून येणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट हाच. यांच्या रक्तात सहसा काहीही सापडत नाही.

चौथा, कसलाच त्रास नसलेली सूज. दुसऱ्याच कारणाने बायोप्सी किंवा वीर्यतपासणी करताना ती दिसते. पॅकेज चेकअपमध्ये पीएसए वाढलेला निघण्यामागे कधी कधी हीच असते.

थांबा, हे आधी वाचा: लघवी पूर्ण अडली असेल, हुडहुडी भरून ताप येत असेल, माणूस गोंधळल्यासारखं बोलत असेल, किंवा रक्तदाब उतरला असेल, तर घरी रक्त घ्यायला माणूस बोलावत बसू नका. थेट रुग्णालयात जा. मधुमेह असलेल्यांनी आणि लघवीची नळी असलेल्यांनी तर साध्या वाटणाऱ्या तापातही उशीर करू नये.

टप्पा २: अँटिबायोटिकला हात लावण्याआधी

डबीतल्या मागच्या वेळच्या दोन गोळ्या “तोवर घेऊन टाकतो” म्हणून घेतल्या, की कल्चर बिघडलंच. जंतू दबतात, मरत नाहीत. रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं येतं आणि पुढचे काही आठवडे अंदाजाने औषध चालतं. नमुने आधी, गोळी नंतर. तापासाठी पॅरासिटामॉल घेतलं असेल तर कल्चरला त्याने बाधा येत नाही.

एका कागदावर एवढं लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, ताप किती होता, चालू असलेली सगळी औषधं, गेल्या महिन्यात घेतलेलं कुठलंही अँटिबायोटिक, गेल्या तीन महिन्यांत नळी, दुर्बीण किंवा बायोप्सी झाली असल्यास तिची तारीख, आणि आधीचे पीएसएचे रिपोर्ट असले तर तेही. औषधांच्या यादीत केस गळण्यावरची गोळीही लिहायची. ती कशासाठी, ते सहाव्या टप्प्यात येईल.

टप्पा ३: लघवी आधी

‘युरिन रुटीन’ आणि ‘युरिन कल्चर’ या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. पावतीवर दोन्ही आहेत का, ते काउंटरवरच बघा. रुटीनमध्ये पू-पेशी दिसतात. कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे कल्चरमध्ये कळतं आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. भारतात लघवीतले ई. कोलाय नावाचे जंतू बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून कल्चर टाळून चालत नाही.

नमुना असा घ्या:

१. हात धुवा, शिश्नाचं टोक साध्या पाण्याने स्वच्छ करा.
२. पहिली धार सोडून द्या.
३. मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या आतल्या कडेला बोट लावू नका.
४. झाकण घट्ट लावून तासाभरात लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

घरून आणलेली जॅमची किंवा औषधाची बाटली कितीही उकळली तरी कल्चरला चालत नाही.

नव्या जोडीदाराशी संबंधांनंतर त्रास सुरू झाला असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी नमुना उलटा लागतो: पहिली धार, तीही तासभर लघवी न करता. ही तपासणी जंतूच्या जनुकांची असते. रक्तातल्या क्लॅमिडिया अँटिबॉडीवरून आत्ताचा संसर्ग ठरत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी मात्र रक्तच द्यावं लागतं.

टप्पा ४: आता रक्त. कुठल्या चाचण्या आणि कशासाठी

अचानक आलेल्या त्रासात साधारण एवढ्याच पुरतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातल्या दाहाचा मापक), क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि साखर. ताप जास्त असेल किंवा दाखल व्हावं लागलं तर ब्लड कल्चर. यातल्या कशालाही उपाशीपोटी थांबायची गरज नाही. तापात रँडम शुगर चालते आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) केव्हाही करता येतं.

सीबीसी. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० ही बहुतेक लॅबची मर्यादा. जंतुसंसर्गात आकडा वर जातो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या प्रकाराचं प्रमाण वाढतं. पण वयस्कर माणसात, अनियंत्रित मधुमेहात किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असताना आकडा जागचा हलत नाही आणि आतून संसर्ग जोरात असतो. उलट, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड चालू असेल तर संसर्ग नसतानाही पेशी वाढलेल्या दिसतात.

सीआरपी. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच हा वाढू लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण दूर झालं की झपाट्याने उतरतो. उपचार लागू पडतोय का, हे बघायला त्याचा चांगला उपयोग होतो. सूज कुठे आहे हे मात्र तो सांगत नाही. दाढ सुजली तरी वाढतो, न्यूमोनियातही वाढतो. म्हणून “सीआरपी वाढलाय, म्हणजे प्रोस्टेट सुजलंय” हे वाक्य लघवीच्या रिपोर्टशिवाय बोलू नये.

इथे एकक बघा: काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. एका लॅबचा ४.८ प्रति डेसिलिटर म्हणजे दुसऱ्या लॅबचा ४८ प्रति लिटर. सोमवारी ४८ आणि गुरुवारी दुसरीकडे ४.८ आला म्हणून घरात पेढे वाटायच्या आधी आकड्याशेजारची बारीक अक्षरं वाचा. पॅकेजमधला ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ हृदयरोगाचा धोका बघण्यासाठी असतो. संसर्गासाठी साधा सीआरपी सांगा.

ईएसआर. हाही दाहाचाच मापक. तो सावकाश चढतो, सावकाश उतरतो, आणि रक्त कमी असलं तरी वाढलेला दिसतो. या कामासाठी त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत.

क्रिएटिनिन. सुजलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली तर किडनीवर ताण येतो. शिवाय काही अँटिबायोटिकचा डोस किडनी बघून ठरवावा लागतो आणि सीटी स्कॅनचं इंजेक्शन द्यायचं झालं तरी हा आकडा विचारतात. जुना रिपोर्ट असेल तर सोबत ठेवा, १.३ हा आकडा नेहमीचा आहे की गेल्या वर्षीच्या ०.८ वरून चढलाय, यावर बरंच अवलंबून असतं.

साखर. लघवीचे संसर्ग वारंवार होणाऱ्या पुरुषात मधुमेह पहिल्यांदा इथेच सापडतो, हे नवीन नाही. प्रोस्टेटमध्ये गळू होण्याचा धोकाही मधुमेहींना जास्त.

ब्लड कल्चर. हे अँटिबायोटिकच्या पहिल्या इंजेक्शनआधी, शक्यतो दोन वेगळ्या जागांवरून घेतात. मोठ्या माणसात एका बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त जातं. “एवढं रक्त कशाला?” म्हणून नातेवाईक वाद घालतात आणि थोडक्यात आटपतं. कमी रक्तात जंतू सापडायची शक्यताही कमी होते, म्हणून घेऊ द्या.

पावसाळ्यातली एक नेहमीची चूक: जुलै ते ऑक्टोबरमध्ये थंडी वाजून ताप आला की मलेरिया, डेंग्यू, विडाल अशी माळ लागते. त्यात चूक नाही, मलेरिया बघायलाच हवा. पण पन्नाशीच्या पुरुषाला ताप आहे आणि लघवीचं विचारलंच नाही, असं सर्रास होतं. रुग्णही संकोचाने बोलत नाही. तापाच्या तपासण्यांत युरिन रुटीन आहे का, एवढं स्वतः विचारा.

आणखी एक इशारा: या तीव्र अवस्थेत प्रोस्टेट चोळून स्राव काढण्याची तपासणी करायची नसते, जंतू रक्तात जाऊ शकतात. डॉक्टर बोटाने हलकेच तपासतात, तेवढं पुरे. चोळण्याआधीच्या आणि नंतरच्या लघवीची तुलना करणारी ती तपासणी जुनाट त्रासासाठी आहे, ताप उतरल्यावर.

टप्पा ५: औषध सुरू झाल्यावर काय तपासायचं

बरोबर औषध असेल तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. याच सुमारास कल्चरचा रिपोर्ट येतो. तो घेऊन डॉक्टरांकडे परत जा, कारण चालू गोळीसमोर ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल तर औषध बदलावं लागतं. रिपोर्ट लॅबच्या ॲपवर पडून राहतो आणि रुग्ण जुनीच गोळी गिळत राहतो, हे फार होतं.

४८ ते ७२ तासांनी ताप तसाच असेल, सीआरपी खाली येत नसेल, तर पुन्हा पुन्हा रक्त काढत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा गळू झालंय का हे सोनोग्राफी किंवा सीटीवर बघायचं असतं. लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते, तेही सोनोग्राफीत कळतं.

बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद करू नका. तीव्र सुजेचा कोर्स साधारण दोन ते चार आठवड्यांचा असतो. प्रोस्टेटच्या आत औषध पोचायला अवघड. अर्धवट सोडलेला कोर्स हा जुनाट सुजेकडे जाणारा एक रस्ता आहे.

टप्पा ६: पीएसए, योग्य वेळी आणि योग्य तयारीने

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारं प्रथिन आहे. कॅन्सरमध्ये वाढतं, वयानुसार ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, आणि सूज आली की पेशींच्या भिंतींतून रक्तात झिरपून चांगलंच वाढतं. तीव्र सुजेत आकडा दहाच्या, कधी त्याहून बराच पुढे जातो. त्या वेळी तो मोजून हाती काय लागतं? सूज आहे हे लघवी आणि तापाने आधीच सांगितलेलं असतं, आणि कॅन्सरबद्दल त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. मागे उरते ती काळजी.

कधी करायची. संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. पीएसए रक्तातून निम्मा व्हायला दोन-तीन दिवस लागतात हे खरं, पण ग्रंथीतली सूज रेंगाळते तोवर झिरपणं चालू राहतं. काहींचा आकडा जागेवर यायला याहूनही जास्त वेळ घेतो. बायोप्सी किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली असेल तरी किमान सहा आठवडे थांबा. लघवीची नळी बसवली होती तर किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

आधीच्या दोन दिवसांत. ४८ तास वीर्यपतन नको, लांबची सायकलिंगही नको. डॉक्टर बोटाने तपासणार असतील तर रक्त त्याआधी द्या. फरक थोडाच पडतो, पण शंकेला जागा राहत नाही. उपाशी राहायची गरज नाही.

बाबांसाठी पुण्यात घरबसल्या तपासणी बुक करणारी मुलं बोस्टनहून किंवा बंगळूरहून हे ४८ तासांचं सांगायला लाजतात, आणि रक्त घ्यायला येणारा मुलगा तर विचारतच नाही. लाजू नका. लॅबची सूचना जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवा, बोलावं लागत नाही.

औषधांचा हिशोब. प्रोस्टेट लहान करण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो. रिपोर्टवर २.६, तर खरा अंदाज ५.२ चा. लॅबच्या लेखी तो ‘नॉर्मल’, कारण लॅबला गोळी माहीत नाही. केस गळू नयेत म्हणून घेतलेली १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही हेच करते, आणि ती ‘औषध’ म्हणून कुणी सांगत नाही. म्हणून तो दुसऱ्या टप्प्यातला कागद. लघवीची धार मोकळी करणाऱ्या टॅम्सुलोसिनने मात्र फरक पडत नाही. गोळ्या चाचणीसाठी बंद करू नका, फक्त सांगा.

केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे पीएसए खोटा कमी येतो. साधारण तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात.

लॅब. आधीची चाचणी जिथे केली तिथेच परत करा. रिपोर्टच्या तळाशी पद्धत छापलेली असते, सीएलआयए किंवा ईसीएलआयए अशी. पद्धत आणि यंत्र बदललं तर त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. नुसत्या ‘फ्री ऑफर’साठी लॅब बदलली की मागच्या वर्षीची तुलना गेली.

आकडा वाचताना. ० ते ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सगळ्यांसाठी छापलेली सरसकट रेघ आहे. वयाप्रमाणे वापरल्या जाणाऱ्या वरच्या मर्यादा साधारण अशा: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. म्हणजे ४५ वर्षांच्या माणसाचा ३.६ ‘नॉर्मल’ छापून आला तरी डॉक्टरांना दाखवावा, आणि ७४ वर्षांच्या आजोबांच्या ५ वर घर डोक्यावर घेऊ नये. निरोगी माणसातही आकडा थोडा वरखाली होतो, ३.६ चा ४.१ झाला याला वाढ म्हणत नाहीत.

रक्त देण्याआधी तपासून घ्या: संसर्ग बरा होऊन सहा आठवडे झाले का? लघवीची जळजळ पूर्ण थांबली का? दोन दिवसांचं पथ्य पाळलं का? गोळ्यांची यादी डॉक्टरांकडे आहे का? एकाचंही उत्तर नकारार्थी असेल तर चाचणी पुढे ढकला. पॅकेजमध्ये पीएसए आपोआप येत असेल तर ती वगळायला सांगा, किंवा पॅकेजच पुढे न्या.

टप्पा ७: सहा आठवड्यांनंतरही पीएसए वाढलेलाच असेल तर

आधी काही आठवड्यांनी एकदा पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, त्याच तयारीने. बऱ्याच जणांचा आकडा कुठल्याही उपचाराशिवाय खाली येतो. म्हणूनच एक सवय मोडायला हवी: त्रास काही नाही, लघवी स्वच्छ आहे, फक्त पीएसए ६ आला, तर “सूज असेल, कोर्स घेऊन बघू” म्हणून महिनाभर अँटिबायोटिक देणं-घेणं. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेची शिफारसही याच्या विरोधात आहे. आकडा उतरला तर तो गोळीने उतरला की आपोआप, हे कळत नाही. उतरला म्हणून कॅन्सर नाही असंही ठरत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनी स्नायुबंधांना इजा होऊ शकते, ती वेगळीच.

‘फ्री पीएसए’ (रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा पीएसए) एकूण पीएसए ४ ते १० च्या पट्ट्यात असताना उपयोगी पडतो, पण सूज असताना त्याचं प्रमाणही कॅन्सरसारखं कमी दिसू शकतं. शिवाय तो नमुन्यात लवकर ओसरतो. रक्त घेतल्यावर काही तासांत त्यातला द्रव भाग (सीरम) वेगळा करून थंड ठेवावा लागतो. दुपारभर बॅगेत फिरलेल्या नमुन्यावर तो करू नका. करायचाच तर सूज पूर्ण उतरल्यावर, लॅबमध्ये जाऊन.

पुढची पायरी युरॉलॉजिस्टकडे: बोटाने तपासणी, गरज पडल्यास एमआरआय, मग बायोप्सीचा निर्णय. एमआरआयमध्येही सूज कधी कधी गाठीसारखी दिसते, म्हणून मागच्या संसर्गाच्या तारखा आणि कल्चरचे रिपोर्ट रेडिऑलॉजिस्टपर्यंत पोचवा. वाचणाऱ्याला ते माहीत असणं आणि नसणं यात फरक पडतो.

टप्पा ८: रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ, पण दुखतंय

हा तिसरा प्रकार. इथे चाचण्यांची संख्या वाढवून काही निघत नाही, तरी माणसं दर महिन्याला सीआरपी आणि पीएसए करत राहतात. याऐवजी दुखणं, लघवीचा त्रास आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी प्रश्नावली भरा. ० ते ४३ गुणांची ही प्रश्नावली युरॉलॉजिस्टकडे मिळते. उपचाराआधीचे आणि नंतरचे गुण ताडून बघता येतात. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, धार मोकळी करणारी औषधं, बसण्याच्या सवयी, झोप आणि ताण यांवर काम होतं.

क्षयाची शंका असेल, म्हणजे घरात टीबी झालेला, वजन उतरतंय, लघवीत पू-पेशी आहेत पण साधं कल्चर कोरं, तर “रक्तातून टीबी” सांगणाऱ्या अँटिबॉडी चाचण्या करू नका. भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली आहे. इग्रा ही रक्तचाचणी कायदेशीर आहे, पण जंतू शरीरात कधी येऊन गेला की आत्ता आजार चालू आहे, हे ती वेगळं करून सांगत नाही. लघवीचे सकाळचे नमुने टीबी कल्चरला आणि जनुकीय तपासणीला द्यावे लागतात, आणि त्या कल्चरचं उत्तर यायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी सुरू करू नका. ती टीबीच्या जंतूवरही अर्धवट काम करते आणि रिपोर्ट फसवा येतो.